उथळ मातीतला औदुंबर

आई,

हे लिहायला बाल्कनीत बसलो आहे. खाडीवरून येणारा वारा कागद उडवू पाहतो, म्हणून त्याच्या एका कोपऱ्यावर पूजेतली सहाण ठेवली आहे. समोरच्या चौरंगावर एक उथळ तबक आहे आणि त्यात, एका पारदर्शक पिशवीच्या आडोशाला, औदुंबर उभा आहे. वितीहून थोडा उंच, अंगावर एकही पान नसलेला. तू गेलीस त्याला तीन तपे होत आली. इतक्या काळानंतर तुला काही सांगावेसे वाटावे आणि ते एका रोपाविषयी असावे, याचे तुला नवल वाटणार नाही. औदुंबराचे नाव निघाले की तू आधी पायांतल्या वहाणा काढायचीस, मग बोलायचीस. म्हणून आडपडदा न ठेवता प्रथमच सांगून टाकतो. या औदुंबराला मी लोखंड लावले आहे. त्याची मुळे कापली, पाने उतरवली. तो जगावा म्हणूनच हे केले. परंतु तो जगेल की नाही, या विचारात माझे कित्येक दिवस गेले आहेत. हे सारे कसे घडले ते सविस्तर सांगतो. ऐकताना तुला घाई कधीच नसे.

हा औदुंबर आपल्या घाटावरचा आहे. नदीवर नवा पूल झाला तेव्हा तो मोठा वृक्ष गेला. पुढे एका लग्नाच्या निमित्ताने मी गावी गेलो, तेव्हा तू दर गुरुवारी जिथे प्रदक्षिणा घालायचीस तिथे पुलाचा खांब उभा होता. मात्र खालच्या पायऱ्यांच्या सांध्यांतून बोटभर उंचीची काही रोपे वर आली होती. ती त्याच वृक्षाची संतती की पक्ष्यांनी दुसरीकडून आणलेले बीज, हे सांगू शकेल असे तिथे कोणी नव्हते, आणि खरे म्हणजे तो प्रश्न मी कोणाला विचारलाही नाही. एक रोप हलक्या हाताने सोडवले, ओल्या पंचात गुंडाळले आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून बेलापूरला घेऊन आलो. तुझ्या सुनेने दार उघडले, पिशवीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "अहो, लोक गावाहून काकवी आणतात, तांदूळ आणतात. उंबर कोण आणतं? आणि लावणार कुठे, तिसऱ्या मजल्यावर?"

कुठे लावायचा, याचे उत्तर मला रद्दीच्या दुकानात मिळाले. तिथे वजनावर विकायला काढलेल्या पुस्तकांत एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता, तबकात वाढवलेल्या वृक्षांचा. त्यातली चित्रे पाहिली आणि मी तिथेच, तराजूशेजारी, बराच वेळ उभा राहिलो. माणसाच्या गुडघ्याएवढा वृक्ष, पण त्याच्या बुंध्यावर शंभर पावसाळ्यांची गंभीरता. पुढे नगर वाचनालयात बोन्सायवरची एक पातळ मराठी पुस्तिकाही सापडली. जन्मभर मी संस्कृत शिकवले. खुरपे कधी हाती धरले नव्हते. माझ्या हातांना पाने उलटण्यापलीकडे दुसरे कौशल्य ठाऊक नव्हते. असा मनुष्य सत्तरी ओलांडल्यावर केवळ पुस्तकांवरून एक हस्तकला शिकायला निघाला, तर त्याची फजिती ठरलेली. माझी ती पुरती झाली नाही, याचे कारण पुस्तकातून शिकायचे कसे, हे मला तू शिकवले होतेस.

चातुर्मासातल्या दुपारी ओसरीवर आळीतल्या बायका जमल्या आहेत. तू पोथी वाचते आहेस. तुझे बोट ओळीखालून सरकते, ओवी संपते, आणि तू थांबतेस. पुढची ओवी लगेच कधीच नाही. आधी डोळे मिटून तू तोच अर्थ घरातल्या भाषेत सांगतेस, कोणी शंका विचारली तर परत मागे जातेस. मी तुझ्या मांडीला टेकून घडाघडा पुढचे वाचून दाखवतो आणि कौतुकाची वाट पाहतो. तू विचारतेस, "वाचलंस, की कळलं?" मी म्हणतो, कळलं. तू पोथी मिटतेस. "मग सांग आता. मिटल्यावर जेवढं उरेल तेवढंच तुझं."

तो इंग्रजी ग्रंथ मी असाच वाचला. सकाळी संध्या आटोपली की एक पान घ्यायचे, शब्दकोश शेजारी ठेवायचा, पान संपले की ग्रंथ मिटायचा आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून तुझ्या सुनेला ते मराठीत सांगायचे. तिने पहिल्या आठवड्यात ऐकून घेतले. पुढे एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "हे सगळं झाडाला जाऊन सांगा ना. मरायचं-जगायचं त्याला आहे, मला कशाला टेन्शन?" तरीही ती ऐकत असे. कारण मी एक पायरी गाळली की तिच्याच लक्षात येई.

ग्रंथ हिमाच्या प्रदेशात लिहिलेला होता. झाडांना हिवाळ्यात झोपू द्यावे, बर्फापासून मुळांना जपावे, असा त्याचा उपदेश. आमच्या बाल्कनीत मार्गशीर्षातही पंखा लागतो. तेव्हा मी जाड ग्रंथाला मूळ मानले आणि पातळ पुस्तिकेला भाष्य; जिथे दोघांचा विरोध येई तिथे पंचांग उघडून, खिडकीबाहेर पाहून, आपला निर्णय आपण करायचा. मूळ ग्रंथाला एका विशिष्ट ज्वालामुखीच्या मातीचे खडे हवे होते. भाष्यकार म्हणत होता की विटांचा भरडा पुरेल. सोसायटीच्या दुरुस्तीचे काम चालू होतेच. विटांचे चार तुकडे उचलून आणले आणि खलबत्त्यात कुटायला बसलो. आवाज ऐकून तुझी सून बाहेर आली. "त्यात मी वेलची कुटते," ती म्हणाली. मी खलबत्ता तीनदा धुऊन दिला, तरी त्या दिवाळीच्या लाडवांना विटेची चव होती असे ती अजून पाहुण्यांना सांगते.

आता लोखंडाविषयी. औदुंबराला लोखंड लावू नये, हे मी कोणत्या ग्रंथात वाचलेले नाही. ते मी तुझ्याकडून ऐकले. लहानपणी एकदा गलोलीसाठी दोन फाट्यांचे दुबेळके हवे होते आणि मी कोयतीने त्या घाटावरच्या वृक्षाची फांदी उतरवली होती. तू मला मारले नाहीस. मनगट धरून पुन्हा घाटावर नेलेस. जिथून चीक ठिबकत होता तिथे माझ्याच हाताने हळद आणि शेण लिंपायला लावलेस, तुझ्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायला लावलीस, आणि म्हणालीस, "याच्याशी बोलायचं असेल तर हात जोडून बोलायचं. लोखंड घेऊन यायचं नाही." दुसऱ्या दिवशी चिंधी सुटली आहे का ते पाहायलाही मला तूच पाठवलेस.

ते वचन मी इथे पाळले होते. शेंडे खुडायचे तर नखाने खुडत असे. फांद्यांना वळण द्यायला ग्रंथात तार सांगितली आहे. मी तांब्याची आणली. तुझे ताम्हन तांब्याचे, पळी तांब्याची, तेव्हा तांब्याला तुझी ना नसावी असे मी धरून चाललो. नखे आणि तांबे एवढ्यावर ते झाड काही वर्षे नीट वाढले. बुंधा बोटाहून जाड झाला, खाली मुळांनी पंजा रोवला. मग ग्रंथाच्या उत्तरार्धाकडे वळलो, जिथे तबकात झाडाभोवती एक अख्खा प्रदेश रचायला शिकवले आहे. मी आपला घाट रचायला घेतला. पारसिकच्या डोंगरपायथ्याचा एक काळा दगड मागे उभा केला, पाटीच्या कपच्यांच्या पायऱ्या केल्या, पांढऱ्या वाळूची नदी केली, पार्किंगच्या ओलसर भिंतीवरचे शेवाळ सोडवून काठावर बसवले. काडेपेटीहून लहान असे मातीचे देऊळ घडवले. त्याचे दार करताना माझी बोटे दोन दिवस दुखत होती.

तुझ्या सुनेला ते फार आवडले. मला चकित करावे म्हणून तिने नातीच्या जुन्या खेळण्यांतून प्लास्टिकची एक गाय शोधून काढली आणि देवळासमोर ठेवली. मी पाहिले आणि विचार न करता माझ्या तोंडून गेले, "ही गाय या दारातून आत कशी जाणार?"

"देवळात गाय कशाला जाईल?" ती म्हणाली.

तिचे बरोबर होते. तो प्रश्न माझा नव्हताच, आई, तो तुझा होता. गोकुळाष्टमीचा दिवस आहे. तू पाटावर नदीकाठच्या मातीचे गोकुळ मांडते आहेस: नंदाचा वाडा, यमुना, मागे गोवर्धन, दूर्वांची झाडे. मला एक गाय करायला दिली आहे आणि मी सगळी माती वापरून भली थोरली गाय केली आहे. तू ती उचलतेस, नंदाच्या दाराशी धरतेस. "ही या दारातून आत कशी जाणार? पाऊस आला तर बाहेर भिजत ठेवशील तिला?" मी गाय मोडतो, लहान करतो, पुन्हा दाराशी धरून पाहतो. पुढे मी यमुनेकाठच्या मोकळ्या जागेत आणखी एक झाड खोचायला जातो, तर तू हात धरतेस. "तिथं काही नको. त्याला खेळायला जागा लागेल ना." जाड ग्रंथाने प्रमाणावर एक प्रकरण खर्चिले आहे आणि रिकाम्या जागेवर दुसरे. दोन्ही मी शब्दकोश घेऊन वाचली होती, तुझ्या पद्धतीने मिटून सांगितलीही होती. ती कळली मात्र त्या प्लास्टिकच्या गायीमुळे. गाय लहान का करायची? ग्रंथ म्हणतो, दृष्टी फसावी म्हणून. तू म्हणालीस, ती भिजू नये म्हणून. मला ही कला तुझ्या कारणासाठी शिकायची होती, हे त्या दिवशी उमगले.

तबकाची वार्ता सोसायटीत पसरली. आमचे चेअरमन इथले मूळचे, आगरी. ही वसाहत उभी राहिली त्या जमिनीत त्यांच्या घरची भातशेती होती. एका संध्याकाळी ते वर आले, गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीत उगवलेला पिंपळ काढायला हवा, हे सांगायला. बाल्कनीत नजर गेली आणि थांबले.

"काका, उंबर हाय ना ह्यो? मी भितीनचा झार काराला सांगाला आलू, नं तुमी घरानूच पालला."

मी म्हणालो, तबकाबाहेर जाऊ देणार नाही.

ते गुडघ्यावर हात टेकून वाकले, पायऱ्या पाहिल्या, नदी पाहिली. "आमचे बांधावर व्हता असाच. लावनी झाली का त्याचे खाली जेवाला बसाचू आमी. आता तिथं पेट्रोल पंप हाय." मग माझ्याकडे वळून, "ह्याचे खाली कोन बसनार, काका? मुंगी?"

"मन बसतं," मी म्हणालो.

"मंग बसू द्या. मनाला मेंटेनन्स नाय लागत," असे म्हणून ते हसत गेले. जाताना दाराशी चपला घालण्यापूर्वी मात्र त्यांनी तबकाच्या दिशेने हात जोडले.

घाट पूर्ण झाल्यावर मी ते केले जे तुझा मुलगा करणारच. दत्तजयंतीपासून दर गुरुवारी पादुकांना पंचामृताचा अभिषेक करायचा आणि ताम्हनातले सारे तीर्थ औदुंबराच्या मुळाशी घालायचे, असा नेम धरला. वडिलांची पूजा झाली की तू तेच करायचीस. ताम्हन पदराखाली धरून घाटावर जायचीस, एक थेंब वाटेत सांडू द्यायची नाहीस. दूध, दही, तूप, मध, साखर. मला वाटले, पुलाने मोडलेला नेम मी पुन्हा जोडतो आहे. मला फार समाधान होते.

माघात मुंग्या आल्या. फाल्गुनात पाने पिवळी पडून गळू लागली. औदुंबराची पाने त्या सुमारास गळतातच, असे म्हणून मी स्वस्थ होतो. चैत्रात पालवी फुटायला हवी होती, ती फुटली नाही. जी दोन-चार पाने उरली होती तीही लोंबू लागली. मी पाणी वाढवले. एका गुरुवारी तुझी सून वाळत घातलेले कपडे काढायला आली आणि नाकाला पदर लावून उभी राहिली. "अहो, हा वास कसला? तुम्ही झाडाला श्रीखंड वाढता की काय?"

मी वाकून मातीचा वास घेतला. आंबलेल्या ताकाचा वास होता, आणि त्याखाली दुसरा, कुजल्याचा.

त्या क्षणी जे समजले ते कोणत्याही पुस्तकात अशा शब्दांत लिहिलेले नाही, कारण पुस्तके लिहिणाऱ्या कोणालाही आपल्या वाचकाच्या घरी दर गुरुवारी अभिषेक होत असेल असे वाटले नसणार. घाटावरच्या वृक्षाखाली सगळी पृथ्वी होती. तू घातलेले वाटीभर तीर्थ ती क्षणात पोटात घेई. किडे, गांडुळे, नदीचा पूर, सगळे मिळून ते पचवत. माझ्या तबकातली माती दोन बोटे खोल. तिला खाली कोणी नव्हते. तिच्यात मी जे घालीन ते तिथेच राहणार होते. मी त्या औदुंबराला भक्तीने, थेंबाथेंबाने, नासवत आणले होते.

त्याच दिवशी दोन्ही पुस्तके उघडली. या एका बाबतीत मूळ आणि भाष्य यांचे पूर्ण एकमत निघाले: झाड ताबडतोब उपसा, मुळे धुवा, काळे पडलेले प्रत्येक मूळ निरोगी भागापर्यंत कापा, पाने काढून टाका, नव्या मातीत बसवा, सावलीत झाका. धारदार आणि स्वच्छ कात्री वापरा; बोथट हत्याराने मूळ चेंगरते आणि कूज पुन्हा शिरते. मी झाड उपसले. मुळे धुतली. अर्ध्याहून अधिक काळी होती. एक मूळ नखाने तोडू पाहिले, तर साल मोज्यासारखी हातात आली आणि आतली शीर तशीच राहिली. मग मी पळीची कड सहाणेवर घासून धार येते का पाहू लागलो.

तुझी सून हे सगळे पाहत होती. "काय करताय?"

"धार लावतोय."

"पळीला?" ती आत गेली आणि तिची शिवणाची कात्री घेऊन आली. "ही घ्या."

"लोखंड आहे ते."

"माझ्या गुडघ्यात काय चांदी घातलीय डॉक्टरांनी?" ती म्हणाली. "धातूच आहे ना? मग मलाही देवघरात यायला बंदी करा."

मी तिला फांदीची ती गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांच्या संसारात कधी सांगितली नव्हती. तिने ऐकली. नंतर मऊपणे म्हणाली, "सासूबाई आज असत्या तर त्यांना विचारलं असतं. पण झाड त्यांच्या उत्तरासाठी थांबेल का?"

मी शास्त्र पाहिले नाही असे समजू नकोस. वृक्ष तोडण्यापूर्वी त्याच्या आश्रयाला असलेल्या जीवांची क्षमा मागावी, त्यांना दुसरीकडे जाण्याची प्रार्थना करावी, असा विधी मला ठाऊक आहे. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, आणि त्याचा अपवाद, यांवर मी वर्गात कैक तास बोललो आहे. त्यांतले काहीही त्या घडीला हाताला बळ देईना, कारण मला अडवणारी आज्ञा शास्त्राची नव्हती. ती तुझी होती, आणि तुझ्या आज्ञेला अपवाद तुझ्याकडूनच मिळायला हवा होता. ओल्या मुळांचे ते झाड तळहातावर घेऊन मी उभा होतो, मुळांवर वारा लागत होता, आणि नकळत माझे बोट हनुवटीखालच्या व्रणावर गेले.

पितृपक्ष आहे. आजोबांचे श्राद्ध. तू पहाटेपासून सोवळ्यात आहेस, वडे तळते आहेस. बाहेर गुरुजी आणि काका पानावर बसण्याच्या तयारीत आहेत. मी घाटाच्या पायरीवरून पडलो आहे आणि हनुवटी फुटली आहे. रक्त सदऱ्यावर उतरते आहे. मी धावत येतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबतो. आत यायचे नाही, तुला शिवायचे नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. मी हाकही मारत नाही. तू मागे वळून पाहतेस. झारा कढईत तसाच सोडून तू उंबरा ओलांडतेस, मला उचलतेस, सोवळ्याचा पदर माझ्या हनुवटीला दाबून धरतेस. काका म्हणतात, "वहिनी, अहो, सोवळं—" तू त्यांच्याकडे न पाहता म्हणतेस, "पितर थांबतील, भावजी. हे रक्त थांबणारं नाही."

मग तू पुन्हा विहिरीवर स्नान केलेस, ओले नेसलीस आणि पहिल्यापासून सगळा स्वयंपाक परत केलास. पाने वाढली तेव्हा उन्हे कलली होती. कोणी एक शब्द बोलले नाही, तूही नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर मला जवळ घेऊन विचारलेस, "उंबऱ्यावर का थांबलास?" मी म्हणालो, सोवळं होतं. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. "शहाणा आहेस. पण पुन्हा थांबू नकोस."

या वाक्याने मला जन्मभर किती ठिकाणी उंबरा ओलांडायला लावला, याची जाणीव मला तोवर नव्हती. नियम मी तुझ्यासारखे कडकडीत पाळले, आणि जिथे समोर कोणाचा जीव होता तिथे तो नियम ओलांडतानाही मन सहसा कचरले नाही. हे धैर्य मी ग्रंथांच्या खात्यावर जमा करीत आलो होतो. ते तुझ्या स्वयंपाकघरातले होते. नियम मोडल्यावर त्याचे मोल पुन्हा स्नान करून, पुन्हा चूल पेटवून, मुकाट्याने चुकवायचे असते, हेही त्यातच होते.

मी कात्री उकळत्या पाण्यातून काढली. औदुंबरापुढे हात जोडले आणि त्याच्याशी बोललो, तू शिकवले होतेस तसे. काय करणार आहे आणि का, ते सांगितले. मग कापले. तुझी सून शेजारी बसून पाणी ओतत होती, काळे मूळ दिसले की बोट दाखवत होती. "हे राहिलं. हे पण." निरोगी मुळाच्या छेदातून पांढरा चीक आला तेव्हा तीच म्हणाली, "बघा, जिवंत आहे." शेवटी मूठभर मुळे उरली. पाने उतरवली. घाट, नदी, देऊळ, सारे मोडून बाजूला ठेवले. आता प्रदेश रचण्याची वेळ नव्हती. विटांच्या ताज्या भरड्यात तो उघडा बुंधा बसवला, छेदांवर हळद लावली, पिशवीचे छत केले. पादुकांचे तीर्थ आता खाली बागेतल्या मोठ्या कडुनिंबाला जाते, तिथे सगळी पृथ्वी आहे. आणि त्या दिवशी मी संध्याकाळी स्नान करून पुन्हा पूजा केली, पहिल्यापासून.

वैशाख असाच गेला. वाट कशी पाहायची, यावर कोणत्याही पुस्तकात प्रकरण नाही. रोज सकाळी पिशवी थोडी उघडायची, वारा द्यायचा, माती बोटाने चाचपायची, झाकायची. साल नखाने खरवडून हिरवी आहे का पाहावे, असे पुस्तिका म्हणते; मी एकदाच पाहिले, पुन्हा धीर झाला नाही. तुझी सून रोज चहा घेऊन येते आणि विचारते, "काय म्हणतंय?" मी म्हणतो, "काही नाही." ती "बरं" म्हणते आणि जरा वेळ तिथेच उभी राहते. मला वाटत होते की ही वाट मी एकटाच पाहतो आहे. तसे नाही. तिने तुझा तो घाट कधी पाहिला नाही, पण गेला महिनाभर ती भाजी आणायला जाताना दारातून मागे फिरते आणि एकदा बाल्कनीत डोकावून मग जाते.

मला तुझे आभार मानायचे होते. ओवीनंतर थांबल्याबद्दल, गाय लहान करायला लावल्याबद्दल, यमुनेकाठची जागा रिकामी ठेवल्याबद्दल, चिंधी बांधायला लावल्याबद्दल, आणि पदर रक्ताने भरू दिल्याबद्दल. तू होतीस तोवर आई आणि मुलगा यांच्यात आभाराची भाषा नव्हती, ती वापरली असती तर तू मला ताप आला आहे का ते पाहिले असतेस. म्हणून हे पत्र. ते कुठे टाकायचे नाही, कोणाला वाचायला द्यायचे नाही. लिहून झाले की घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवीन आणि काही दिवसांनी धुण्यात जाईल.

एक गोष्ट राहिली. आज सकाळी पिशवी उघडली तेव्हा बुंध्याच्या वरच्या अंगाला, जिथे जुन्या पानाचा डाग होता तिथे, तांदळाच्या कणीएवढे काहीतरी वर आले होते. भिंग आणून पाहिले. कोंब आहे, तांबूस, टोकाशी ओला. मी भिंग खाली ठेवले तोच तुझी सून चहा घेऊन आली आणि तिने विचारले, "काय म्हणतंय?"

मी म्हणालो, "काही नाही."

तिच्याशी मी सहसा खोटे बोलत नाही. पण ही बातमी आधी तुला सांगायची होती. आता आत जातो आणि तिला बोलावतो.